दर वर्षी घरोघर फिरतो, तरी मराठी शाळेचा पट घटतोच. पुढच्या वर्षी फिरावे का?

शिवारवाट (प्रश्न)

नमस्कार. मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका गावचा. आमच्या शिवारातून वैजनाथाचा डोंगर दिसतो. डोंगर महाराष्ट्रात आणि आम्ही कर्नाटकात. गावातली सरकारी मराठी प्राथमिक शाळा माझ्या आजोबांनाही लहानपणापासून आठवत होती. मी पहिलीत होतो तेव्हा वर्गात दाटीवाटीने बसावे लागे आणि उशिरा येणाऱ्याला उंबऱ्याजवळची ओली जागा मिळे. या जूनमध्ये पहिलीत सात मुले आहेत.

हे होणार याची चाहूल लागल्यावर आम्ही पाच जणांनी नऊ वर्षांपूर्वी एक काम हाती घेतले. एप्रिल-मे महिन्यात, धूळवाफ पेरणीची धांदल सुरू होण्याआधी, रोज संध्याकाळी पाच-सहा घरांत जायचे, पहिलीत जाण्याच्या वयाचे मूल असेल तर आईवडिलांशी बोलायचे आणि सगळे एका वहीत लिहायचे. ती दोनशे पानी वही माझ्याकडे आहे. मुलाचे नाव, जन्मतारीख, वडिलांचे काम आणि उत्तर असे चार रकाने आम्ही पट्टीने आखले होते. परवा ती चाळताना लक्षात आले की उत्तराच्या रकान्यात सगळ्यांत जास्त वेळा ‘बघूया की’ असे लिहिलेले आहे. आमच्या भागातल्या माणसाला याचा अर्थ सांगायला नको. तोंडावर नाही म्हणायचे नसले म्हणजे आपण ‘बघूया की’ म्हणतो, चहा पाजतो आणि दारापर्यंत सोडायला येतो.

या नऊ वर्षांत आम्ही काही केले नाही असे नाही. वर्गणी काढून भिंती रंगवल्या, बाके आणली, गळकी कौले बदलली. शिक्षकांच्या रिकाम्या जागांसाठी निवेदने दिली. निवेदन, त्याची पोच, निवेदन देतानाचा फोटो, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आणि मग पुढच्या निवेदनापर्यंत शांतता, हा क्रम सीमाभागात कोणाला नवा नाही. सात इयत्तांना तीन शिक्षक होते, आजही तीनच आहेत, आणि त्यांतले एक अतिथी शिक्षक आहेत. राज्यघटनेचे ३५०अ कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे असे सांगते, हे मी प्रत्येक निवेदनाच्या पहिल्या परिच्छेदात लिहितो. आता ते वाक्य माझ्या हातातून आपोआप उतरते आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांवरून तसेच आपोआप घसरत असावे.

यंदा मात्र जे झाले ते मनाला लागले. आमच्या पाचांपैकी एका ज्येष्ठ सहकाऱ्याचा नातू सहा वर्षांचा झाला आणि सुनेने त्याला शहराच्या वाटेवरच्या एका इंग्रजी शाळेत घातले. जूनमध्ये शाळेच्या पडवीत आमची बैठक झाली, तेव्हा ते नेहमीसारखे पुढे सतरंजीवर न बसता मागे खांबाला टेकून उभे राहिले. शेवटी एवढेच म्हणाले, “माझ्या हातात काय हाय गा?” त्यांना कोणी काही बोलले नाही, आणि बोलण्यासारखे काही नव्हतेही. पण त्या रात्री घरी आल्यावर मी वही कपाटाच्या तळाशी ठेवली आणि तेव्हापासून ती बाहेर काढण्याचे धाडस होत नव्हते.

म्हणून विचारतो. ज्या कामात वर्षानुवर्षे अपयशच पदरी पडते, त्या कामाला लागून राहण्यात काही अर्थ असतो का? ‘आशा सोडू नका’, ‘प्रयत्नांती परमेश्वर’ अशी उत्तरे कृपया नकोत, ती मी स्वतःच नऊ वर्षे इतरांना देत आलो आहे. मला जाणून घ्यायचे आहे ते असे की पटावरचा आकडा वाढला नाही तरी हाती काही लागते का, आणि लागत असेल तर ते खरोखर लागले आहे की आपण आपली समजूत घालतो आहोत, हे ओळखायचे कसे?

जुना खडू

आपला प्रश्न दोनदा वाचला. मी निवृत्त शिक्षक आहे. नोकरीची बरीच वर्षे खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यात गेली, त्यामुळे घटणारा पट मला परका नाही.

सीमाभागातल्या माणसाला अपयशाचा सराव आहे, हे आधी मान्य करू. १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना संयुक्त महाराष्ट्राची मागणी पुढे आली, आणि दहा वर्षांनी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा ज्या गावात तो ठराव झाला ते गावच म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. जानेवारी १९५६ मधला गोळीबार, सेनापती बापटांचे उपोषण, सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, जून १९८६ चे कन्नडसक्तीविरोधी आंदोलन आणि हिंडलग्याचे हुतात्मा स्मारक, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा दावा. माझे वडील या यादीच्या पहिल्या टोकाला होते आणि मी दुसऱ्या टोकाला आहे. आपला नऊ वर्षांचा हिशेब मला म्हणूनच थोडा घाईचा वाटला, राग मानू नये.

पण मोठ्या लढ्याचा दाखला देऊन आपल्या प्रश्नाला बगल द्यायची नाही. माझ्या स्वतःच्या अपयशाबद्दल सांगतो.

एका वाडीवर मी एकशिक्षकी शाळा चालवत होतो. पावसाळ्यात ओढा आडवा आला की तीन-तीन दिवस वाडीचा रस्त्याशी संबंध तुटे. दुसरा शिक्षक मिळावा म्हणून आणि ओढ्यावर साकव व्हावा म्हणून मी सात वर्षे अर्ज केले. अर्ज मी लिहायचो, पण तालुक्याला जाऊन देण्याचे काम सातवीतल्या एका मुलाकडे होते, कारण शाळा बंद ठेवून मला जाता येत नसे. त्याला मी बजावले होते की शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय परत यायचे नाही. एकदा टेबलामागच्या माणसाने “उद्या ये” म्हटले तेव्हा हा पोरगा नातेवाइकाकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर होता. पोच त्याने सदऱ्याच्या आत, बनियनला पिन लावून आणली होती, आणि माझ्या हातात आली तेव्हा ती घामाने मऊ झालेली होती.

दुसरा शिक्षक आला नाही. साकव माझ्या बदलीनंतर पुष्कळ वर्षांनी झाला, आणि तो माझ्या अर्जांमुळे झाला असे म्हणायला माझ्याकडे कसलाही पुरावा नाही. शाळा पुढे बंद पडली. म्हणजे आपल्या वहीच्या हिशेबाने माझी सात वर्षे शून्य.

तो मुलगा आता चाळिशी ओलांडलेला आहे आणि त्याच पट्ट्यात शेती करतो. आजूबाजूच्या सात-आठ वाड्यांतले लोक कागद घेऊन त्याच्याकडे येतात. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा दावे कसे भरायचे, कोणता पुरावा जोडायचा, पोच कशी घ्यायची हे त्यानेच लोकांना शिकवले. रेशनकार्ड, पेन्शन, पीकनुकसानीचे अर्ज तो मराठीत समजावतो आणि कन्नडमध्ये भरून देतो. मी त्याला हे शिकवायला निघालो नव्हतो. मी शिक्षक मागायला निघालो होतो.

आपण विचारले आहे की खरे मिळालेले आणि मनाची समजूत यांत फरक कसा करायचा. माझी कसोटी अशी की मिळालेली गोष्ट आपल्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडते का, हे पाहावे. मला त्या सात वर्षांत जे ‘समाधान’ मिळाले ते माझ्याबरोबर जाईल. त्या मुलाला अर्ज लिहिता येतो, ते मात्र आठ वाड्यांत वापरात आहे.

पुण्यातला बेळगावकर

गुरुजींचा अनुभव मोलाचा आहे, पण त्यातून निघणाऱ्या अर्थाशी मी पूर्ण सहमत नाही आणि ते स्पष्ट लिहितो. कोणतेही काम वीस-तीस वर्षांनी मागे वळून पाहिले तर त्यातून एखादा चांगला माणूस निघालेला सापडतोच. त्यावरून ते काम तसेच चालू ठेवावे हे सिद्ध होत नाही. २०१८ आणि २०२३ या दोन्ही विधानसभा निवडणुकांत सीमाभागातल्या मराठी भाषिकांच्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही उमेदवार निवडून आला नाही, तेव्हाही आपल्याकडे ‘पण तरुण पुन्हा जोडले गेले’ असे सांगणारे होतेच. पराभवातून काहीतरी मिळाले असे म्हणण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की पराभव का झाला हे विचारायचे राहून जाते.

शिवारवाट यांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा: काय घडले तर आपण हे काम थांबवू? त्याचे उत्तर ‘काहीही घडले तरी थांबवणार नाही’ असे असेल, तर त्याला निष्ठा जरूर म्हणावे, पण मग पटाचा आकडा मोजून दर जूनमध्ये दुःखी होण्याचे कारण नाही. आणि आकडाच महत्त्वाचा असेल तर नऊ वर्षे एकच उपाय करून तो घटत असताना दहाव्या वर्षी तोच उपाय करणे शहाणपणाचे नाही.

पालकांना दोष देता येणार नाही, हेही ध्यानात घ्यावे. प्राथमिक शिक्षणात मातृभाषेचे माध्यम सरकारला सक्तीचे करता येणार नाही, निवड पालकांची आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये कर्नाटकाच्याच प्रकरणात सांगितले. कायद्याचे राहू द्या, माझेच सांगतो. मी पुण्यात राहतो. इथे मराठी राजभाषा आहे, कोणाची सक्ती नाही, घरापासून पाच मिनिटांवर मराठी शाळा आहे, आणि माझी मुलगी इंग्रजी शाळेत जाते. एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, सीमाभागात काळा दिन पाळल्याचे फोटो मी इथून इतरांना पाठवतो. आपल्या सहकाऱ्याची सून माझ्यापेक्षा वेगळे काही वागलेली नाही.

चुलीपुढची वही

मी इथे एरवी फक्त वाचते, लिहीत नाही. पण आमच्यासारख्यांबद्दल एवढे बोलणे चालले आहे तर आमच्याकडूनही कोणी लिहायला हवे. मी शिवारवाट यांच्या गावची नाही, शेजारच्याच पट्ट्यातली आहे, आणि मी माझ्या मुलाला तिसरीतून मराठी शाळेतून काढले.

कारणे लिहिते. माझे यजमान बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीनवर कामाला आहेत. तिथे सुपरवायझरशी कन्नड, कागदपत्र इंग्रजी आणि चहाच्या वेळी मराठी. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढचे मराठी हायस्कूल सहा किलोमीटरवर आणि बस वेळेवर येईल याची खात्री नाही. इंग्रजी शाळेची व्हॅन दारात येते. मी सकाळी रताळीच्या वेली लावायला किंवा भांगलणीला जाते, तेव्हा मूल दारातून व्हॅनमध्ये चढले हे मला दिसले पाहिजे. यात मराठीवरचे प्रेम कमी आहे असा अर्थ कोणी काढू नये.

आमच्याकडेही मे महिन्यात मंडळी आली होती. पाच पुरुष, हातात पत्रके. सोप्यात बसले आणि सासऱ्यांशी अर्धा तास मातृभाषेचे महत्त्व बोलले. चहा मी केला. मुलाला शाळेत पोचवणार मी, डबा करणार मी, अभ्यास घेणार मी, पण माझ्याशी जाताना एवढेच बोलले, “वहिनी, पाठवा हं मराठी शाळेत.” मी म्हटले, “बघूया की.” वर त्या वहीतल्या रकान्याबद्दल वाचले तेव्हा हसू आले आणि थोडे वाईटही वाटले.

आता दुसरी बाजू सांगते. गेल्या वर्षी गावात ज्ञानेश्वरी पारायण होते. पारायणाला बसणाऱ्यांत बहुतेक पन्नाशीच्या पुढचे, तरुण मोजके. संध्याकाळी हरिपाठाला मुलांना पुढे बसवले. टाळ माझ्या मुलाला चांगला येतो, चाल पाठ आहे. पण हातात पुस्तक दिले तेव्हा तो पान उघडून नुसता बसला. शेजारच्या मुलाचे ओठ बघून तोंड हलवत होता. त्याला जोडाक्षर लागत नव्हते. सासूबाईंनी ते पाहिले आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच ट्रंकेतून माझ्या नणंदेचे जुने मराठीचे पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवले.

त्यानंतर आम्ही तीन-चार बायकांनी दर शनिवारी दुपारी देवळात मुलांना बसवून मराठी वाचायला शिकवणे सुरू केले. शनिवारी शाळा सकाळची असते. सुरुवातीला पाच मुले होती, आता अकरा आहेत, आणि त्यातली नऊ इंग्रजी किंवा कन्नड शाळेत जाणारी आहेत. बाराखडी त्यांना आठवड्यात आली. अडते ते जोडाक्षरांशी आणि र च्या खोड्यांशी. ‘सूर्य’, ‘प्रकाश’, ‘राष्ट्र’ आणि ‘तऱ्हा’ या चार शब्दांत र चारदा वेगळा दिसतो, हे समजावताना मला स्वतःला पहिल्यांदा कळले की ही लिपी किती अवघड आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की तुमची नऊ वर्षे फुकट गेली असे मी म्हणणार नाही. सोप्यातली ती बैठक मला आवडली नव्हती, तरी मुलगा देवळात पुस्तक धरून गप्प बसला तेव्हा मला पहिल्यांदा तीच आठवली. ती पाच माणसे आली नसती तर मला फक्त लाज वाटली असती. ती आली होती म्हणून यावर काही करता येते हे डोक्यात आले. पण पुढच्या वर्षी फिरणार असाल तर कृपया एखाद्या बाईला बरोबर घ्या, आणि सासऱ्यांशी बोलून झाल्यावर स्वयंपाकघराच्या दाराशीही दोन मिनिटे थांबा.

निपाणीकर

निवेदनांची जरा टिंगल झाली आहे, म्हणून त्यांच्या बाजूने थोडे लिहितो.

मातृभाषेतून शिकवण्यासाठी शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुले असली की शिक्षक द्यावा, हा नियम १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेपासून चालत आला आहे. कलम ३५०अ १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आले आणि त्याच्याच जोडीला आलेल्या ३५०आ कलमाने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद केली. तोच भाषिक अल्पसंख्याक आयुक्त. त्यांचे एक विभागीय कार्यालय कित्येक वर्षे बेळगावातच होते. आयुक्तांचा अहवाल राष्ट्रपतींकडे जातो आणि संसदेपुढे ठेवला जातो. त्यांच्या शिफारशी राज्य सरकारवर बंधनकारक नाहीत, हे खरे. त्यामुळे हाती फारसे लागत नाही, हेही खरे.

पण या व्यवस्थेत तक्रार न करणारे गाव दिसतच नाही. तिथे कोणी येऊन तुमच्या शाळेची कौले मोजत नाही. जे लिहून आले तेवढेच तिथे असते. म्हणून निवेदनाने शिक्षक मिळेल या अपेक्षेने ते देऊ नये, नोंद राहावी म्हणून द्यावे, आणि त्यात घटनेच्या कलमांपेक्षा आपल्या वहीतले आकडे लिहावेत. ‘३५०अ’ सगळेच लिहितात. ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत चौथी आणि पाचवी एकाच खोलीत बसत होती’ असे फार थोडे जण लिहितात. आपल्याकडे नऊ वर्षांची घरनिहाय वही आहे. माझ्या पाहण्यात तरी अशी वही दुसऱ्या गावाकडे नाही. ती कपाटाच्या तळाशी ठेवू नये. तिची झेरॉक्स काढून ठेवावी, कारण आपल्या भागातल्या पावसात कागद टिकत नाही.

गुरुजींच्या यादीत एक भर घालतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी, बेळगुंदी, सांबरा इथे गावकरी आपापल्या बळावर मराठी साहित्य संमेलने भरवतात. त्यांतून सीमाप्रश्न सुटला नाही. पण शेतातून आलेला माणूस धुतलेली टोपी घालून मांडवात तीन तास व्याख्यान ऐकत बसतो, हे मी स्वतः पाहिले आहे, आणि हे सगळीकडे आपोआप घडते असा कोणाचा समज असेल तर त्याने जरा बाहेर फिरून यावे.

शिवारवाट

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मध्ये रोप लावणी होती.

पुण्याच्या गृहस्थांनी विचारलेला प्रश्न मी सहकाऱ्यांपुढे ठेवला. काय घडले तर थांबायचे? दोन तास बोलूनही एकमत झाले नाही. एक जण म्हणाला, शाळेला कुलूप लागेल त्या दिवशी. दुसऱ्याचे म्हणणे असे की तेव्हाच तर खरे काम सुरू होईल. माझे स्वतःचे उत्तर सांगतो. पहिलीत किती मुले यायची हे आमच्या हाती नाही, असे मी आजवर कधी मोठ्याने म्हटले नव्हते. रस्ता, व्हॅन, हायस्कूल, नोकरी यांतले काहीही आम्ही बदलू शकत नाही, आणि तरी दर जूनमध्ये त्या आकड्यावरून मी स्वतःला नापास करत आलो. आकडा मोजायचा मी थांबवणार नाही, निपाणीकरांनी सांगितले तसा तो नोंदीसाठी लिहीन. पण गावातली किती मुले मराठी वाचू शकतात हा दुसरा आकडा आम्ही कधी मोजलाच नव्हता.

तो मोजायला मागच्या शनिवारी सुरुवात केली. वहीत पाचवा रकाना आखला. ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या घरीही गेलो, मुद्दाम पहिल्यांदा तिथेच. यावेळी माझी बायको बरोबर होती आणि ती थेट आत गेली. सूनबाईंनी सांगितले की नातवाला रोज रात्री आजोबाच गोष्ट वाचून दाखवतात आणि तो आता अक्षरांवर बोट ठेवून विचारतो. आजोबा हे ऐकत बाहेर कट्ट्यावर बसले होते. वाचन वर्गाला शिकवायला याल का, असे मी विचारले तेव्हा म्हणाले, “येतो की. खरं मला ते ऱ्हस्व-दीर्घ विचारू नका.”

हे खरोखर मिळालेले आहे की मनाची समजूत, हे मला अजून सांगता येत नाही. गुरुजींच्या कसोटीला उतरेल की नाही हे कळायला त्या मुलांना मोठे व्हावे लागेल.

चुलीपुढची वही यांना एक विनंती. वर्ग विठ्ठल-रखुमाईच्या देवळात भरवायचे ठरले आहे, पण जोडाक्षरांसाठी मोठ्या टाइपातली पुस्तके आमच्याकडे नाहीत. आपण कोणती वापरता? कोणाकडे दुसरी-तिसरीची जुनी मराठी पाठ्यपुस्तके पडून असतील तर तीही चालतील.

चुलीपुढची वही

आम्ही पुस्तक वापरत नाही. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मार्करने मोठे शब्द लिहितो, भिंतीवर टांगतो आणि मुलांना काठीने दाखवायला लावतो. मुलांना काठी फार आवडते. अकरा कॅलेंडरे तयार आहेत, तुम्हाला हवी तर देते. ‘ज्ञ’ आणि ‘क्ष’ तेवढे शेवटी घ्या.

जुना खडू

माझ्याकडे दुसरी-तिसरीच्या बावीस प्रती आहेत. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, पण अक्षरे शाबूत आहेत. येत्या शनिवारी दुपारच्या बसने घेऊन येतो. बस वेळेवर आली तर अडीचपर्यंत पोचेन. तेव्हा कोणी भेटले नाही तर देवळाची किल्ली कोणाकडे असते, तेवढे कळवावे.